न आलेला पूर

२ सप्टेंबर, बुधवार

नखं जांभळी झाली आहेत. मला कोणी विचारलं नाही. दिवाणखान्यात बसले होते, दोन मुलींनी हात धरला आणि रंगवायला घेतलं. कर्नलचीही रंगवली. ते नको नको करत होते, पण दुसरा हात त्यांनी आपणहून पुढे केला. मी पाहिलं.

शाळा सुरू झाली की आमच्या वृद्धाश्रमावर ही धाड येतेच. टेकडीवरची ती महागडी खासगी शाळा, तिथली बारावीची मुलं. नामांकित विद्यापीठात जायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत म्हणे, समाजसेवाही दाखवावी लागते. म्हणून प्रत्येकाने आपापली संस्था काढली आहे. सोमवारचे हात धरून बसतात, मंगळवारचे गाणी म्हणतात, बुधवारी नखं. वर्गात तीस मुलं आणि तीसच्या तीस अध्यक्ष! हाताखाली कोणीतरी हवंच, ते आम्ही.

३ सप्टेंबर, गुरुवार

आज मला एक मुलगी नेमून दिली. तिची संस्था 'आठवणी'. अर्थात तीच अध्यक्ष. किडकिडीत, ताठ, बोलणं टोकदार. मी मनातल्या मनात नाव ठेवलं, टाचणी. आई तिला गाडीतून सोडते आणि बाहेर गाडीतच बसून राहते.

वही उघडली आणि पहिलाच प्रश्न, "आजी, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ कोणता?"

अगं, पाणी तरी पी! पण नाही. मीही प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एकोणतीस वर्षं फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवले. नवरा शांत स्वभावाचा होता. मुलगा हुशार, परदेशात आहे, दर रविवारी फोन करतो. गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं मी शेवटी. तिने 'गुडघा' लिहिलं आणि पेन थांबवलं. चेहरा पडला बिचारीचा.

गिऱ्हाइकाला काय हवंय ते बोलण्याआधी त्याच्या तोंडावर दिसतं, एवढं मी दुकानात शिकले. हिच्या तोंडावर दिसत होतं. आणि आता ही उठून शेजारच्या खुर्चीकडे जाईल असंही दिसत होतं. ते मला नको होतं. मी म्हटलं, "तसा लहानपणी एकदा पूर आला होता आमच्याकडे."

आमच्या गावाला नदीच नव्हती. नळ होता, तोही एक दिवसाआड.

४ सप्टेंबर

जेवताना कर्नलना सांगितलं. हसून हसून ठसका लागला त्यांना. ते कधीच सैन्यात नव्हते, लिफ्ट दुरुस्त करायचे. मिशांमुळे कर्नल. पण त्यांनीही आपल्या वाट्याच्या मुलाला सीमेवरची लढाई विकली आहे. बर्फ, गोळीबार, मांडीवर प्राण सोडणारा मित्र.

"कोण मित्र?" मी विचारलं.

"नाव ठरवायचंय अजून," म्हणाले.

म्हणजे मी एकटी नाही. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

पूर वाढतोय. आता त्यात एक धाकटा भाऊ आहे. मी त्याला पाठीवर घेऊन कपाटाच्या निखळून तरंगणाऱ्या दारावर बसून रात्र काढली. (मी एकुलती एक.) टाचणी मोठी हुशार आहे. "पाण्याला वास होता का, आजी?" असं विचारते. हा विचार मी केलाच नव्हता. "होता. ओल्या पोत्यांचा," म्हटलं.

"आणि भाऊ?"

भावाचं काय करायचं ते मला सुचेना. मी नजर वळवली. तिला वाटलं, तो गेला. तिने वही मिटली आणि माझा हात धरला. सोमवारची मुलं धरतात तसा नाही. घट्ट.

मी हात सोडवून घ्यायला हवा होता.

१ ऑक्टोबर, गुरुवार

वेळेच्या कितीतरी आधी फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. का, ते मी स्वतःला विचारणार नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आज वही उघडलीच नाही तिने. स्वतःबद्दल बोलत सुटली. निबंधाची शिकवणी वेगळी, मुलाखतीची वेगळी, शिवाय तलवारबाजी— कारण तलवारबाजी करणारी मुलं कमी असतात म्हणून! आवडते का विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही. कधी विचारच नाही केला." पहाटे पाचला उठते. आईही उठते. "तिचं काहीच काम नसतं तेव्हा. नुसती बसून असते समोर. मला कसंतरीच होतं."

मग जाता जाता म्हणाली, "आजी, मी अर्जातला निबंध तुमच्या पुरावर लिहिला. आमच्या शाळेच्या सल्लागार बाई रडल्या वाचून. मी अर्ज करतेय त्या विद्यापीठात आमच्या शाळेतून वर्षाला एखादाच जातो. बाई म्हणाल्या, यंदा तूच."

मी "छान" म्हटलं. छान!

९ ऑक्टोबर

कर्नल म्हणतात गप्प बसा, पोरीचं भलं होतंय, तुमचं काय जातंय? त्यांच्या मित्राला आता नाव मिळालंय आणि एक विधवा आईसुद्धा. ते मजेत आहेत. त्यांचा मुलगा लढाईवर निबंध लिहीत नाही, त्याने रोबो बनवलाय.

मला जेवण गेलं नाही.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

सल्लागार बाई स्वतः आल्या, कॅमेरावाल्याला घेऊन. शाळेच्या समारंभासाठी माझी छोटी फिल्म करायची म्हणे. "आजी, तुम्ही फक्त पुराचं सांगा. तुमच्या शब्दांत." टाचणी मागे उभी होती, गळ्यापर्यंत बटणं लावून. इतक्या आशेने बघत होती माझ्याकडे!

दाढ दुखतेय म्हटलं. माझी एकही दाढ स्वतःची नाही, पण बाईंना कुठे ठाऊक.

"पुन्हा येऊ," म्हणाल्या. आणि दारातून वळून, "गाव कोणतं हो तुमचं? तेव्हाच्या पुराचे फोटो कुठे मिळतात का बघते."

फोटो!

२५ ऑक्टोबर, रविवार

एका जागी बसवत नाही. टीव्ही लावला, बंद केला. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, गुडघा कुरकुरायला लागला. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, काय हो, कुणी येणारे का? कुणी नाही म्हटलं.

मुलाचा फोन आला. त्याचं काम काय आहे ते मी याआधी तीनदा विचारलंय आणि त्याने तिन्ही वेळा नीट समजावून सांगितलंय. मला कळत नाही. तोही अशाच एका मोठ्या विद्यापीठातला. मीच त्याला ढकलला होता तिथपर्यंत, अगदी असाच, जीव काढून. आज फोनवर त्याला सगळं सांगावं असं मनात आलं. त्याने सुचवलं असतं काहीतरी शहाणपणाचं. पण मी हवापाणी विचारलं आणि ठेवला.

बाईंना फोटो मिळणार नाहीत. मग गावाचं नाव शोधतील, तिथे नदीच नाही हे कळेल. मग पोर खोटी ठरेल, मी नाही. म्हातारीला कोण बोलणार? म्हणतील, विसरली असेल. वर्षानुवर्षं पहाटे उठलेली पोर माझ्या एका थापेपायी तोंडघशी पडेल. अर्जाची मुदत पुढच्या रविवारी संपते.

गुरुवारी सांगायचंच.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

आधी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग एका दमात. नदी नव्हती, भाऊ नव्हता, कपाटाचं दार अजून माझ्या जुन्या घरातच असेल, कपाटाला लावलेलं. तू उठून जाशील म्हणून बोलले.

रडेल वाटलं होतं. नाही रडली. पांढरीफटक पडली. बराच वेळ नखाने बाकाचा रंग खरवडत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवस राहिलेत, आजी." मी मान खाली घातली. मग, "बरं, मग खरं काय आहे? काहीतरी खरं असेलच ना?"

मी म्हटलं, खरं सांगण्यासारखं काही नाही गं. ती हलेना. तेव्हा सांगितलं. माझा मुलगा अभ्यासाला पाचला उठायचा, तेव्हा मीही उठायचे. चहा करून त्याच्यासमोर बसायचे. तो घर सोडून विद्यापीठात गेला. दुसऱ्या दिवशी पाचला गजर झाला. मी उठले, चहा केला, त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. त्याच्या पुढच्या दिवशीही. नवरा झोपेतून उठून आला आणि मुलाच्या खुर्चीत बसून राहिला. असं किती दिवस चाललं कोण जाणे.

"मग?"

"मग काही नाही. एका रात्री गजर लावायची विसरले."

तिने हे लिहून घेतलं नाही. उठली, नेहमीसारखं 'येते' न म्हणता गेली. फाटकाबाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आली नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

नाही.

मॅडम म्हणाल्या, तिचे सेवेचे तास केव्हाच भरलेत, आता कशाला येईल? मॅडम सरळ बोलतात, त्यात वाईट हेतू नसतो. कर्नल आज माझ्याशी पत्ते खेळायला बसले आणि मुद्दाम हरले. तेवढंही मला सहन होईना, पानं टाकून उठून आले.

३ डिसेंबर, गुरुवार

आली!

बाकावर येऊन बसली, जणू मागच्याच आठवड्यात आली होती. केस कापलेत. तलवारबाजी सोडली. आई चिडली का विचारलं तर म्हणाली, "आधी चिडली. मग म्हणाली, मलाही ते कपडे धुवायचा कंटाळा आला होता."

मी विचारलंच. निबंधाचं काय केलंस?

"पाठवला."

"कोणता?"

"निकाल लागू दे, मग सांगेन."

"आणि तुझ्या बाई? फोटो?"

"मी त्यांना सांगितलं, आजींना नको आहे, त्यांना त्रास होतो. त्यांनी ऐकलं." माझ्याकडे बघून किंचित हसली. "त्रास होत होता ना तुम्हाला? मग खोटं काय?"

दर गुरुवारी येईन म्हणाली. वही आणणार नाही म्हणाली. कोणता पाठवला असेल? खराच. मला खात्री आहे. पण खऱ्यात आहे काय? एक म्हातारी, एक गजर, एक चहाचा कप. असल्या गोष्टीला कोण दारात उभं करील? माझं आयुष्य त्या मोठ्या लोकांपुढे उघडं पडलंय असं वाटतं, आणि ते जांभया देत असतील.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल नाही. जीव टांगणीला. तिच्यापेक्षा माझा जास्त. ती शेंबडी पोर मला धीर देते.

२५ मार्च, गुरुवार

मिळालं!

धावत आली. कर्नलनी सलाम ठोकला, कडक, अगदी खऱ्यासारखा. मॅडमनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. माझा ऊर भरून आला. माझ्या त्या पाच वाजताच्या चहाला त्यांनी हो म्हटलं होतं! गर्दी पांगल्यावर मी तिचा चेहरा हातात धरला आणि म्हटलं, "बघ, खरं ते खरंच."

तिने माझे हात हळूच खाली घेतले.

"आजी, मी पुराचाच पाठवला."

फसवलं म्हणून राग यावा तर तो अधिकार माझा नाही. माझी थाप तिथे जाऊन बसली होती, आणि मी मात्र इथेच, बाकावर.

"मी खराही लिहिला होता," ती म्हणाली. "त्याच रात्री. पुरापेक्षा चांगला झाला होता. म्हणूनच नाही पाठवला. तो त्यांना कशाला द्यायचा?"

"मग काय केलंस त्याचं?"

"आईला वाचून दाखवला."

आई काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे बरोबर झालं की चूक ते मला अजून ठरवता येत नाही. कुणा दुसऱ्याची जागा त्या पुरात वाहून गेली असेल, हे सारखं डोक्यात येतं. ते मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला."

१९ ऑगस्ट, गुरुवार

गेली. जाण्याआधी येऊन वाकून माझी नखं बघितली. नवी बारावी आली आहे. यंदा हिरवी.

२ सप्टेंबर, गुरुवार

आज बाकावर जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलेच. फाटकाबाहेर तीच गाडी येऊन थांबली. मी उगाच उठून उभी राहिले. बराच वेळ दार उघडलं नाही. मग उघडलं, आणि टाचणीची आई उतरली. एकटीच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आत आली. माझ्यासमोर उभी राहून पर्स नाही की काही नाही, नुसते हात एकमेकांत घालून म्हणाली, "आजी, पाच वाजता जाग येते हो."

मी सरकून जागा केली. बस म्हटलं.