धक्क्याच्या राहिलेल्या पायऱ्या

पिंचर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
४ मे

चि. ड्रुसिलास अँब्रोजदादाचे अनेक आशीर्वाद.

आपला खासदार लिओ गेल्याचं कळलं असेलच. तेवीस वर्षं त्याला मत दिलं, त्यानं धक्का बांधायला घेतला आणि पायऱ्या करायच्या ठेवून मेला. तुझे नवे गुडघे होडीतून शिडीनं चढणार नाहीत, म्हणजे यंदाही तू तिकडे हॅमिल्टनलाच, घरी येणं नाही.

आता पोटनिवडणूक लागलीय. तीन उमेदवार येऊन चहा आणि काकवीचे पाव खाऊन गेले: एक मास्तरीणबाई, एक मासळी कारखान्याचा मालक, एक वकील. तिघांनाही म्हटलं, मत तुमचंच, पायऱ्या तेवढ्या करा. घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? पण आपल्या एवढ्याशा गावात मतदार अकरा, आणि कोव्हच्या मतांचा आकडा वेगळा छापतात. ज्याला शून्य मिळेल तोच निवडून आला तर? घास उतरत नाही.

तुझा दादा

हॅमिल्टन
११ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लहानपणी तू पाद्रीबाबांना आणि सैतानाला एकाच दिवशी हो म्हणायचास, त्यात फरक नाही. कुणाही एकाच्या नावापुढे फुली मार आणि गप्प घरी ये. फुलीशिवाय काही लिहू नकोस. हे बजावते, कारण तुझा भरवसा नाही. जेवत जा.

तुझी ड्रुसी

पिंचर्स कोव्ह
२ जून

चि. ड्रुसीस आशीर्वाद.

घोळ झाला. पेन्सिल धरली आणि तिघांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. शेवटी लिओचंच नाव लिहिलं, म्हणजे कुणाशी बेइमानी नको. जागा उरली म्हणून खाली लिहिलं, की लिओ, पायऱ्या राहिल्या, माझी बहीण चार वर्षं घरी आलेली नाही. मग सही केली. बिनसहीचं पत्र बरं दिसत नाही.

कोव्हचा आकडा आला. तिघांना शून्य, बाद अकरा. सगळ्या कोव्हनं हेच केलं होतं. मेलेला लिओ इथं बिनविरोध आला. पण मतदारसंघात मास्तरीणबाई फक्त चार मतांनी पुढे, म्हणून जज्ज एकेक मत पुन्हा बघणार, तिन्ही बाजूंच्या वकिलांसमोर. माझी सही आहे गं त्यावर.

काळजीत असलेला दादा

हॅमिल्टन
१० जून

ती. दादास नमस्कार.

म्हणजे माझे गुडघे आता कोर्टात. हसून हसून तेच दुखताहेत. तुला फाशी देणार नाहीत, सूप पी आणि झोप.

ड्रुसी

पिंचर्स कोव्ह
१८ जुलै

चि. ड्रुसीस आशीर्वाद.

जज्जांनी अकराही कागद वाचले. शेजारच्या ग्लॅडिसनं तर लिओला शिव्याच लिहिल्या होत्या. मतं बादच राहिली, मास्तरीणबाई निवडून आल्या, आणि काल होडीनं स्वतः इथं आल्या. मी माळ्यावर लपलो. त्यांनी खालून हाक मारली, की अँब्रोजकाका, खाली नका येऊ, एवढंच सांगा, तुमच्या बहिणीला पायरी किती उंच चालेल?

मी वरूनच सहा इंच म्हणालो. डॉक्टरला विचारून लगेच कळव. सुतार सोमवारी येतोय.

तुझी वाट बघणारा
दादा