सहीआधी पाण्याचा वास

मी, जलशुद्धीकरण केंद्रावरची हेल्पर, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. छातीचा डॉक्टर दोन-तीन महिने म्हणतो, म्हणून घाई. कोणी दबाव टाकलेला नाही. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचाय. याआधीचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

एक. राहतं घर, दोन खोल्या, माळा आणि गळणाऱ्या नळासकट, माझ्या एकुलत्या लेकीला. नळ तिनेच दुरुस्त करावा. मी सहा वर्षं सांगून थकले.

दोन. पाण्याचा फिल्टर धाकट्या भावाला. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मी कामाला लागले तेव्हा हा चारचौघांत म्हणाला, "बाईच्या नाकावर शहर चालतं का?" चाललं रे बाबा, एकोणीस वर्षं चाललं. दर तासाला बाटली भरायची, हलवायची, हुंगायची, उजेडात धरायची, वहीत लिहायचं. वास आला की चाक फिरवून पाणी बंद. आता माझं नाकही गेलं, औषधांनी. तुला फिल्टर तरी असू दे.

तीन. नटबोल्टचे पाने, बॅटरी, गमबूट पंपवाल्या काकांना. केंद्रावर पाणी तपासणाऱ्या यंत्राची स्क्रीन बसली तेव्हा ते एकटेच म्हणाले होते, "हे आपल्याला गिळणार."

चार. हे कलम कबुलीचं आहे. वाटणीचं नाही, तरी वाचावं.

स्क्रीन आली. पाणी चांगलं की वाईट ते यंत्र सांगायचं, आणि ज्याची वही स्क्रीनशी जुळणार नाही त्याला मेमो. मला तीन मिळाले. मग आम्ही सगळेच शहाणे झालो. बाटली न भरता स्क्रीनवरचं वहीत उतरवायचं. मीही उतरवलं, सात महिने. पुढे साहेब म्हणाले, "आता यंत्राला तुमच्या वह्यांवरून शिकवायचंय." मी त्यांच्या टेबलापाशी गेले. सांगितलं, "साहेब, वही खोटी आहे. आम्ही त्याचंच बघून लिहिलंय."

"मावशी, शंभर टक्के जुळतंय. अजून काय पाहिजे?"

"आरशापुढे आरसा धरलाय साहेब. तोंड कुणी बघितलंच नाही."

ते हसले. त्याच वह्यांवर शिकलेलं यंत्र आज चाळीस शहरांचं पाणी सोडतं. माणसं उगाच घाबरून फिरवतात म्हणून चाकंही काढून टाकली. दवाखान्यातली नर्स सांगते, तिच्याकडेही हीच तऱ्हा, यंत्राचंच बघून लिहायचं. यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला 'नाही' म्हणणारं माणूस आपण ठेवलं नाही, आणि त्यात माझाही हात आहे. साहेबांना मी माफ करत नाही. स्वतःलाही नाही.

पाच. पाणी पिण्याजोगं आहे, अशी रोज सकाळी माणसाची सही लागते. ती नोकरी माझ्या लेकीला लागली आहे. पेढे वाटायला निघाली होती.

"आई, सही म्हणजे नुसता उपचार गं."

"मग यंत्रालाच करू दे की."

"त्याला सही करता येत नाही."

"करता येते. तुरुंगात जाता येत नाही."

पेढ्यांचा डबा उचलून ती वाटायला निघून गेली.

~~ही नोकरी सोडली तरच घर तिचं.~~ हे मीच खोडलं आहे, खाडाखोड समजू नये. ती सोडेल तर दुसऱ्या कोणाची तरी लेक त्या खुर्चीत बसेल. पाणी तेच.

सहा. लेकी, नाक मृत्युपत्रात देता येत नाही. तुला हुंगायला शिकवायचं सोडून मीच म्हणायचे, तू पुस्तक धर. चुकलं. तरी सहीआधी बाटली भर, स्क्रीनकडे पाठ कर, वास घे. कुजल्या पानांसारखा आला तर सही करू नकोस. ते तुला काढतील आणि पाणी सोडतीलच. मग तू आपल्या गल्लीत ये आणि एकेक दार ठोठाव. पाणी पिऊ नका म्हण. ऐकणार नाहीत, वेडी म्हणतील. पुढचं दार ठोठाव.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.

ठिकाण: माझ्या घरी, खिडकीपाशी
तारीख: नऊ, मंगळवार, दुपार

लिहून ठेवणारी: (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही एकमेकांसमोर केली:
१. शेजारची शिंपीण (सही)
२. दवाखान्यातली नर्स (सही)