टॅप बोलला होता का

आप्पा, तुमच्या एका प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मला बदलायचं आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही. आईही नाही. त्या दुपारी शेडमध्ये होते त्यांतलं कुणीच उरलं नाही. आठ दिवस झाले, घास उतरत नाही. कुणाच्या पाया पडू, तेवढं तरी सांगा.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आपण दोघं बापलेक शेजारशेजारच्या व्हाइसवर, काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर, उभे राहायचो. कारखाना गिरण्यांच्या यंत्रांचे भाग दुरुस्त करायचा. मी तेवीस वर्षांचा, आयटीआयचा कागद मिरवणारा. तुम्ही मोहोळकडच्या खेड्यातून आलेले, शाळा चौथीपर्यंत, पण भोकात आटे पाडायला तुम्ही टॅप हातात घेतला की आजूबाजूचे लोक आपणहून हातोड्या खाली ठेवत. तुम्हाला आवाज ऐकायचा असे. अर्धा फेरा पुढं, पाव मागं. भोक आरपार नसेल तर मधेमधे टॅप बाहेर काढून बिडाची भुकटी फुंकून टाकायची. "मुका नसतो त्यो," तुम्ही म्हणायचा. "मोडायच्या आदी कुरकुरतो. ऐकलं की मागं फिरायचं." गावातून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या माणसाची तेवढीच इस्टेट होती, आणि ती तुम्ही सगळ्यांना फुकट वाटत होता.

त्या दिवशी गिरणीचा बिडाचा मोठा भाग माझ्याकडे होता. त्याच्यासाठी तिकडे अख्खं खातं बंद होतं. आठ भोकं, सात झालेली. आठवं आरपार नव्हतं आणि जेवणाचा भोंगा होत आला होता. मी टॅप बाहेर काढला नाही, भुकटी फुंकली नाही. टॅप आतच मोडला. तुम्ही येता, ओरडत नाही, भागावर नुसता हात ठेवता आणि विचारता, "बोलला व्हता का टॅप?"

मी म्हणालो, "न्हाय."

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, भोकाकडे पाहत राहिलात. "मग तुजी चूक न्हाय. मी शिकवलं त्येच कच्चं हाय." मग पंच-हातोडी घेऊन तो तुकडा सुटतो का पाहायला बसलात. टॅपचं पोलाद ते, सुटलं नाही. बिडाचा कोपरा मात्र उडाला. मालक आले तेव्हा मी मान खाली घालून व्हाइस पुसत होतो. तुम्ही म्हणालात, "माज्या हातनं झालं."

दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला व्हाइसवरून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं. खिडकीतून ड्रिल द्यायचे, परत घ्यायचे. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तेव्हा तुम्ही तुमचं टॅपचं हँडल फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं सरकवलंत. "आता तूच वापर." मी घेतलं, आप्पा. घ्यायला माझा हात कसा पुढं झाला? पुढं देवाघरी जाईपर्यंत तुम्ही त्या खिडकीतच होता. कुणी आट्यांचं विचारलं तर "जपून करा" एवढंच म्हणायचा. टॅप बोलतो, हे पुन्हा तुमच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

आता आमच्याकडे कारखान्यात संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे. टॅप एका दमात आत जातो, एका दमात बाहेर येतो. थांबत थांबत जायला सांगायचं तर तेही आकड्यांत. गेल्या आठवड्यात त्यात टॅप मोडला. मशीन चालवणारी बाई दोन मुलांची आई आहे, नोकरीवर घर चालतं तिचं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "सर, आवाज बदलला होता. मी ऐकला, तरी बंद केलं न्हाय."   मी संडासात जाऊन कडी लावली आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो, या वयात.

म्हणजे मशीनच्या काचेच्या दाराआडूनही तो बोलतो, आप्पा. तुमचं काहीही कच्चं नव्हतं. हे तुम्हाला कळावं म्हणून मी काय करू?

कागद हँडलच्या फडक्यात ठेवतोय. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

तो बोलला होता. दोनदा. मी ऐकलं आणि अजून अर्धा फेरा दिला.