अर्धा काळा, अर्धा पांढरा

३ नोव्हेंबर

फेकून देणार होती! माझी सून क्षमा — घटस्फोटाचा कागद यायचाय, तोवर सूनच — कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आली आणि बॅग आपटली. महिन्याभराची मेहनत वाया, म्हणे. मी तिच्या हातातला फोटो ओढून घेतला.

तिचं काम आता मला पाठ झालंय. दोन प्रकारचं प्लास्टिक एकाच द्रावकात विरघळवायचं, साबणाच्या पाण्यात त्याचे थेंब करायचे. द्रावक उडून गेला की दोघांचं पटेनासं होतं, वेगळी व्हायला लागतात. पण थेंब एवढुसा — केसाच्या जाडीत शंभर मावतील — जाणार कुठे? त्याच कणात राहतात. फोटोत तेच होतं. अर्धा काळा, अर्धा पांढरा, हरभऱ्याच्या दोन डाळी चिकटून बसाव्यात तसा. मला तर देखणा वाटला.

तिच्या सरांना एकाच्या पोटात दुसरं हवंय. पुरणपोळीसारखं. आतल्यात औषध भरायचंय.

"यात वाईट काय हाय?" मी म्हटलं. "दोघायले बाहेरचं पाणी लागते. कोणी कोणाले गिळलं तर नाही!"

"आई, तुम्ही माझ्या सरांना कधी भेटू नका."

हसली. कितीतरी दिवसांनी! फोटो फ्रिजवर लावला.

६ नोव्हेंबर

नणंद आली, लता. फ्रिजवर हे काय भूत लावलंय, इथून सुरुवात. मग मुद्दा. तुझ्या विशालनं हैदराबादेत दुसरी पाहिली आणि तू त्याच्या सोडलेल्या बायकोला डबे भरून देतेस? आपला सगळा ब्राह्मणपारा मोहल्ला बोलून राहिला. मी म्हटलं, ब्राह्मणपारा माझ्याकडे जेवायला नसतो, क्षमा असते.

पाहुण्याला उठा म्हणू नये, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं शिकवलेलं. म्हटलं नाही. दुसरा चहा विचारला नाही, एवढंच.

११ नोव्हेंबर

विशालचा फोन. कागद झाले. बदली मागून घेतलीय, सोनियाला घेऊन रायपूरलाच येतोय. ह्यांनी जाण्याआधी घर त्याच्या नावावर केलं होतं, तो विषय त्यानं काढला नाही. तेवढी लाज शिल्लक आहे!

"तू राह्य न आई. तुले कोण जा म्हणून राहिलं?"

जा कोणाला म्हणतोय ते कळलं.

क्षमाला सांगितलं. पुरानी बस्तीत खोली बघून ठेवलीय म्हणाली. मला न विचारता! खूप बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. केस किती गळतात पोट्टीचे.

१२ नोव्हेंबर

भाजी खारट झाली. मुकाट्यानं जेवली. बोलायला काय झालं होतं!

१८ नोव्हेंबर

जमलं तिचं. प्लास्टिक तीच दोन, माप तेच. फक्त पाण्यातला साबण बदलला. भोवतालचं पाणी बदललं की एक दुसऱ्याच्या पोटात जाऊन बसतं! सर खूश. नवा फोटो दाखवला — बाहेर पांढरं कडं, मधोमध काळा गोळा.

"आतलं असं कापल्यावरच दिसत असंल?"

"हो. बाहेरून कळतही नाही की आत कोणी आहे."

ती प्लास्टिकबद्दल बोलत होती. माझ्या डोळ्यांपुढे विशाल-सोनियाचं घर. मागची खोली, देवघर, वेळेवर चहा. आई आमच्याकडेच असते हो, असं लोकांना सांगणं. सगळं सुखाचं. पोटात.

२४ नोव्हेंबर

क्षमा गेली. दोन बॅगा आणि कुकर. कुकर मीच कोंबला. फ्रिजवरच्या फोटोला हात लावला नाही. "तो तुमचा आहे," म्हणाली. रिक्षात बसल्यावर वळून पाहिलं नाही. बरं केलं. पाहिलं असतं तर मी काहीतरी टोचूनच बोलले असते.

आज एकच वाटी तांदूळ. तोही उरला.

२ डिसेंबर

विशालचा फोन — घराची किल्ली शेजारच्या इंद्रजीतकडे काहून ठेवली? तुझीच किल्ली हाय ना आता, मी म्हटलं, घे त्याच्याकडून.

पुरानी बस्तीतली खोली लहान आहे. या बाजूला तिची पुस्तकं, त्या बाजूला माझी खाट, भिंतीवर फोटो. खिडकी एकच. ती कोणाच्या बाजूला, यावरून सकाळी भांडलो. शेवटी खाट आडवी लावली. आता वारा दोघींनाही लागतो.