मोकळी फेरी

४ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मनगट दुखत असताना एवढं लिहिलंस आणि त्यातलं निम्मं मला दिलेल्या शिव्याच होत्या, तेव्हा तब्येत ठीक आहे असं धरून चालतो.

आमची नवी गाडी तयार झाली. हजार घोड्यांची ताकद, आणि वळणावर चाक घसरायच्या आतच यंत्र ताकद कमी करून गाडी सरळ करतं. चाचणीच्या ट्रॅकवर तिने आमच्या सगळ्या जुन्या गाड्यांना मागे टाकलं. हे सेटिंग मी असंच कायम केलं, तर वेगाचा विक्रम नक्की आणि पुढच्या गाडीचं प्रमुखपदही माझंच.

मग घोडं कुठे अडलं? आमच्याकडे एक पद्धत आहे. दिवसाची चाचणी संपली की चालकाला एक मोकळी फेरी मिळते. घड्याळ बंद, मोजमाप बंद, निव्वळ हौस म्हणून मारायची. आधीच्या गाड्यांच्या वेळी त्या फेरीसाठी भांडणं व्हायची. या गाडीची मोकळी फेरी अजून कोणीही घेतलेली नाही. किल्ली टेबलावर ठेवतात आणि जेवायला जातात. आमचा सगळ्यात जुना चालक, ज्याला आम्ही घुम्या म्हणतो, त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, “गाडी उत्तम आहे, फक्त तिला माझी गरज नाही.” तेव्हापासून मला चैन नाही. महिनाअखेर निर्णय द्यायचा आहे. तू काय म्हणतेस?

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो शिव्यांसकट राहू दे.

तुझा,
खटपट्या

११ मार्च
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

हजार घोडे घेऊन तू निघालास कुठे, ते आधी सांग. माझ्या शिकवणीच्या गाडीत पन्नासही नसतील, आणि तेवढ्यातच लोक घाम पुसायचे.

पण तुझं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. त्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असायचा. तूही तिच्यातच शिकलास. सुरुवातीला मी तो फार लवकर दाबायचे. गाडी कधी ठोकली गेली नाही, पण माझ्याकडे शिकलेली माणसं पुढे वर्षभर एकटी रस्त्यावर जायला घाबरायची. मग मी पाय उशिरा टाकायला शिकले. एकदा जरा जास्तच उशीर झाला, समोर भिंत होती, आणि हे मनगट त्या दिवसापासूनचं. शिकणाऱ्याला काही झालं नाही, हे नशीब. म्हणून मदत काढूनच टाक असं मी सांगणार नाही. मजेपायी कोणाचा जीव जाता कामा नये. पण माणसाला आपली चूक कळेल आणि ती सुधारता येईल, एवढी सवड दे.

इथे पोटचा मुलगा असून दादा मला तेवढीही देत नाही. चहाचं भांडं हातातून काढून घेतो, जिना उतरताना दंड धरतो, गाडीजवळ तर फिरकू देत नाही. प्रेमच आहे, मला कळतं. पण स्वतःच्या घरात मी सामान होऊन बसले आहे.

निर्णय तुझा. प्रमुखपद गेलं तर मला बोल लावू नकोस. किंवा लाव, मला सवय आहे.

तुझी,
आत्या

२ एप्रिल
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यंत्राला उशीर करायला लावला. आता मागचं चाक घसरू लागलं की चालकाला ते पाठीत जाणवतं, स्टिअरिंग हाताला हलकं लागतं, आणि त्याने काहीच केलं नाही तर यंत्र मध्ये पडतं. उशीर किती, यावर दोन आठवडे डोकेफोड केली. एकदा अती झाला तेव्हा घुम्या गवतात गोल फिरून आला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. अर्थात, तो एरवीही बोलत नाही.

परवा त्याने मोकळी फेरी मागितली. ती संपल्यावर न विचारता आणखी एक मारली.

वेळ मात्र जास्त लागतो, त्यामुळे विक्रम हुकला. साहेब रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले की विकायच्या गाड्यांत माझंच सेटिंग जाईल, पण पुढच्या गाडीला विक्रम आणणारा माणूस हवा.

घरच्यांना एक दिवस ट्रॅकवर बोलवायची परवानगी मिळाली आहे. तू ये आणि गाडी चालव. दादाला शेजारी बसवू, नाहीतर बाहेर उभा राहून अर्धमेला होईल.

येशील या भरवशावर,
खटपट्या

२० एप्रिल
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मनगट सुजलं आहे आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

तिसऱ्या वळणावर मी ॲक्सिलरेटर घाईने दाबला आणि गाडीची मागची बाजू निसटली. मी घाबरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही माझी स्वतःची भीती होती. एरवी दुसऱ्यांना माझ्याबद्दल जी भीती वाटते तिच्यावरच माझे दिवस जातात. हात आपोआप फिरले, गाडी रस्त्याला लागली आणि मी मोठ्याने हसले. दादाने गुडघे घट्ट धरले होते, पण स्टिअरिंगला हात लावला नाही. हे मी विसरणार नाही.

परतताना तो म्हणाला की आई, ती तू नाही सावरलीस, मशीनने सावरली. टोचून नाही, समजुतीने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. तुमच्याकडे सगळ्याची नोंद राहते ना? खरं काय ते कळव. माझं मन राखायला काही लिहू नकोस. तुझं खोटं मी तू एवढासा असल्यापासून ओळखते.

तुझी,
आत्या

२५ एप्रिल
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुढच्या गाडीचं काम दुसऱ्याला गेलं. फार वाईट वाटलं, तुझ्यापाशी कशाला लपवू. घुम्या येऊन शेजारी बसला, आणि तेवढंच बरं वाटलं.

मग तुझ्या फेरीची नोंद काढून पाहिली. दादा अगदीच चुकलेला नाही. त्या वळणावर यंत्र मदतीला आलं होतं. आधीचं सेटिंग असतं तर ते तुला काही कळायच्या आत आलं असतं, आणि तू ना घाबरली असतीस ना हसली असतीस. या वेळी ते आलं तेव्हा तुझे हात फिरून झाले होते आणि गाडी सरळ होती. त्याला करायला काहीच उरलं नव्हतं. मन राखायला लिहीत नाही, आत्या. ती गाडी तूच सावरलीस.

दादालाही हे वाच म्हणावं. दोघांचा लोभ माझ्यावर राहो, आता त्याची जरा जास्त गरज आहे.

तुझा,
खटपट्या