दुसऱ्या पायरीखाली

दि. २ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या तोंडून ‘बरं’च्या पुढे काही निघत नाही, म्हणून पत्र. तिकडच्या विद्यापीठातले चष्मेवाले सर दर आठवड्याला नोंदी धाडतात. त्यांच्याबरोबर तुमच्या पत्राचा फोटोही पाठवायचं त्यांनी कबूल केलंय, तेव्हा आता सबब चालायची नाही.

मी मजेत आहे. मोजे वाळायला दोन दिवस लागतात, एवढीच तक्रार. काम मात्र अडलंय. दोन देशांतली दोन शहरं, दोन विद्यापीठं आणि जुन्या नळांना लावलेल्या आमच्या चोवीस डब्या. जमिनीखाली पाणी कुठे गळतंय, ते त्यांनी ऐकून सांगायचं. इथल्या बारा डब्या घडाघडा बोलतात आणि एक गळती त्यांनी शोधलीसुद्धा. आपल्या शहरातल्या बारा मात्र ठार मुक्या. महिनाअखेरीस दोन्ही महापालिकांची बैठक आहे. तोवर आपल्याकडेही एक गळती सापडली नाही, तर काम बंद आणि मी अर्धवट प्रबंध काखेत मारून घरी. आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणतात की तुमचे नळच म्हातारे, आवाज पोचत नसेल. पण त्याच नळांना लोखंडी दांडी लावून, तिच्या मुठीला कान देऊन तुम्ही पाणीखात्यात चाळीस वर्षं गळत्या ऐकताय ना? डब्या तुमच्याच ताब्यात आहेत. जरा बघाल का?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला गळती लागू देऊ नका.

तुमची,
मुंगी

दि. ८ ऑक्टोबर

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंचा मला राग आला. आमचे नळ म्हातारे असतील, मुके नाहीत. गळती कुठे आहे ते मला मार्चपासून माहीत आहे. त्या गल्लीत वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही, आणि मी दिसलो की बायका रिकाम्या बादल्या वाजवतात. पण माझ्या कानाच्या भरवशावर नवा रस्ता फोडायला आमच्या खात्याचे साहेब तयार नाहीत. यंत्राने सांगितलं तर फोडू म्हणतात. आणि यंत्राच्या आधी मी बोलायचं नाही, असा सरांचा नियम. म्हणून जागा कागदावर लिहून, पाकीट डकवून सरांकडे देऊन ठेवलंय. पोट फुगलंय माझं.

डब्यांची काळजी तू करू नकोस. जिवापाड जपतोय. रोज सकाळी रस्त्यातली बाराही झाकणं उघडून बघतो. आत लोखंड असलं गार असतं की बोटं बधिर होतात. तुझ्या एवढ्या नाजूक वस्तूंना गारठा लागू नये, म्हणून प्रत्येक डबीखाली लोकरीची घडी घातली आणि वरून सुतळीने आवळून बांधलंय. निळा स्वेटर आठवतो का, तुझ्या आईने लग्नाआधी मला विणलेला? त्याचे बारा तुकडे केले. तिच्यापाशी अवाक्षर काढू नकोस.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा

दि. ९ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी दार ठोठावायला आली. मग जरा रडलेसुद्धा.

मामा, डबीला सर्दी होत नाही. ती नळाच्या अंगाला थेट चिकटली, तरच तिला ऐकू येतं. तुम्ही कधी दांडीला उशी लावून कान दिलाय का? तुमची काहीच चूक नाही. डबी कशी बसवावी याचं सोळा पानांचं पुस्तक आम्ही पाठवलं, पण खाली लोकर घालू नये असं त्यात कुठेच नव्हतं. आता सतरावं पान जोडलंय. माझ्या यंत्रांना एवढं कुणी जपलं नव्हतं, हे मात्र खरं. उद्याच्या उद्या लोकर काढा.

तुमच्या पत्राची वाट बघत जीव मुठीत धरून बसलेली,
मुंगी

दि. २३ ऑक्टोबर

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

दोन दिवस मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी डब्या बोलू लागल्या आणि मी विसरलो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सरांनी त्या गल्लीतल्या सलूनच्या पहिल्या पायरीवर खडूने फुली मारली. मग सगळ्यांसमोर माझं पाकीट फोडलं. त्यात लिहिलं होतं, दुसऱ्या पायरीखाली. साहेब कधी फुलीकडे बघतात, कधी माझ्याकडे. शेवटी खणलं. पाणी दुसऱ्या पायरीखालीच निघालं. डबी फक्त हातभर चुकली. तिला सांग, शिकशील.

नळाच्या सांध्याला नवी पट्टी बसवून चावी फिरवली, पाणी सोडलं. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरची बाई भरलेली बादली घेऊन जिने उतरून आली, नुसती मला दाखवायला. मला रडू आलं. लपवलं नाही.

तुझा मामा

दि. १ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

काम आणखी तीन वर्षं चालणार! बैठकीत बाईंनी आकडे नंतर दाखवले, आधी तुमचं पाकीट दाखवलं. म्हातारे नळ मुके नसतात, असंही त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. दोन्ही शहरांनी मिळून ठरवलंय की तुम्ही महिनाभर इथे यायचं आणि विद्यार्थ्यांना, इथल्या पाणीखात्याला आणि डब्यांना ऐकायला शिकवायचं. नाही म्हणालात तर बोलणार नाही. थंडी फार आहे, स्वेटर आणा. अरे हो, तो तर नाही!

आनंदाने वेडी झालेली,
मुंगी

दि. २० नोव्हेंबर

चि. मुंगीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मामा उद्या निघतोय. पासपोर्ट तीनदा हरवला आणि तीनदा त्याच्याच खिशात सापडला. स्वेटरचं पाप त्याने परवा कबूल केलं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग तुकडे मागितले. गंजाचे डाग पडलेले अकरा आणून दिले. बारावा म्हणे दांडीच्या मुठीला गुंडाळलाय, कारण तिकडचं लोखंड आणखी गार असेल. ते अकरा मी धुऊन नव्या स्वेटरला आतून, छातीशी शिवलेत.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला तो निळा स्वेटर आवडलाच नाही, कारण अंगात कधी दिसला नाही. मामी म्हणाली, खराब होईल म्हणून त्याने तो घातलाच नव्हता. आणि तुझ्या डब्यांना थंडी वाजेल म्हणून पहिली कात्री त्यालाच लावली!

नवा तरी त्याला घालायला लाव. आणि कात्री लपवून ठेव. माया आहेच, ती दोघांनी वाटून घ्या.

तुझी आई