मुगाच्या आमटीतला मासा

अनिलाओ,
रविवार, चर्चमधून आल्यावर

आदरणीय निनांग फेलिसा,

आशीर्वादासाठी इथूनच तुमचा हात कपाळाला लावून घेते. तुमच्या कंबरेचं आता कसं आहे? आणि तिकडे इटलीत तुम्ही ज्यांना सांभाळता त्या आजी अजूनही तुम्हाला आपली धाकटी बहीण समजून भांडतात का? भांडत असतील तर बरंच, म्हणजे त्यांची प्रकृती ठीक आहे. माझे आईबाप, नानाय आणि ताताय, मजेत आहेत. तुमचं खोकं पोचलं. साबण नानायने कपाटात ठेवले आहेत (वापरायला नाही, कपड्यांना वास लागावा म्हणून). कॉफीचा डबा तातायनी फोडला, आणि आपल्या इथल्या कडक बाराको कॉफीपुढे ही म्हणजे कोमट पाणी असं म्हणत म्हणत निम्मा संपवला.

मला पदवी मिळाली तेव्हा तुम्ही, माझी निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याची आई म्हणून, पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा पाठवला होता. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढची तक्रार तुम्ही मनावर घेणार नाही. तो खिशात मावतो आणि गाळात पडला तरी रुसत नाही. पण त्याला विचार करायला वेळ लागतो. बटण दाबलं की तो आधी घुटमळतो, भिंग पुढेमागे करतो आणि मग फोटो काढतो. तोवर मासा गेलेला असतो. त्यामुळे माझ्याकडे शेपट्यांचे, बिळांचे आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या पाण्याचे पुष्कळ फोटो जमले. शिवाय त्याचा दिवा भिंगाला चिकटून आहे, म्हणून पाण्यातला कण न् कण उजळतो आणि कोणी पीठ चाळत असल्यासारखं दिसतं. दिवा बंद केला की सगळं हिरवं. पहिला फोटो मी मोठ्या अभिमानाने तातायना दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ही शुक्रवारची मुगाची आमटी का गं?" त्यानंतर मी कुठलाही फोटो दाखवला की ते आमटीच म्हणायचे.

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण फोटोची खरोखरच गरज होती. चॅपलसमोरचा समुद्राचा पट्टा आपल्या मच्छीमार मंडळाने माझ्या सांगण्यावरून मासेमारीला बंद ठेवला आहे. (माझ्या सांगण्यावरून म्हणजे मी सभेत इतकं लांब बोलले की लोकांना जेवायला जायचं होतं.) त्याची मुदत या महिन्यात संपली. पुढे बंद ठेवायचा की खुला करायचा, हे हात वर करून ठरायचं होतं. तो पट्टा कागदावर कोणाचाच नाही, पण आजोबांपासून आपल्या घरचं जाळं तिथेच पडत आलं. आता तातायना पार मारिकाबान बेटापलीकडे जावं लागतं. मंडळातले तेम्योकाका धक्क्यावर सगळ्यांदेखत विचारतात, "काय पोन्सो, मुलीने तुझ्या अंगणाला कुलूप लावलं, किल्ली कधी देणार म्हणते?" ताताय तिथे हसतात. घरी आल्यावर हसत नाहीत. मंडळात दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि आपला हात कुठे जाणार हे तातायनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी विषय काढला की ते जाळं विणायला घेत.

त्या पट्ट्यातल्या वाळूत बोटाएवढा एक मासा बीळ करून राहतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप ती सगळी तोंडात धरून बसतो, पिल्लं निघेपर्यंत. तोवर तो काही खात नाही. मधूनच अंडी जराशी बाहेर काढून परत आत घेतो, त्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. अगदी जवळून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात दोन डोळे दिसतात. मला वाटलं, हे एकदा लोकांना दिसलं की प्रश्न मिटला. मी तोंडी सांगून पाहिलं होतं. तेम्योकाका म्हणाले, "तोंड बंद ठेवून बसणारा गडी? त्याला आधी मंडळाचा अध्यक्ष करा." सगळे हसले. मीही हसले असते, पण मी तेव्हा आकडेवारीत शिरले होते.

अशा वेळी, मी पाहुण्यांना डायव्हिंगला नेते त्या रिसॉर्टवर दरवर्षी येणाऱ्या सेत्सुको-सान यांचे गुडघे गेले. (मी देवाकडे हे मागितलं नव्हतं, नानायचा तसा समज आहे.) त्यांनी डायव्हिंग सोडलं आणि आपला मोठा कॅमेरा, त्याची ॲल्युमिनियमची जलरोधक पेटी आणि लांब हातांचे दोन दिवे माझ्या स्वाधीन केले. मला वाटलं होतं, छोट्यावरून मोठ्यावर जाणं म्हणजे तोच मासा जरा मोठा दिसणं. प्रत्यक्षात ते लग्न होऊन मोठ्या घरात गेल्यासारखं आहे. प्रत्येक गोष्टीची पद्धत ठरलेली, आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही. पेटी पाण्यात मला पुढे ओढायची, म्हणून पहिल्या दिवशी मी नाकावर उतरले. दुसऱ्या दिवशी उलट सावरायला गेले आणि समुद्री साळिंदरावर बसले. तळाला हात लावू नका, बसू नका, टेकू नका, हे पाहुण्यांना बोटीवर रोज मीच सांगते. (त्या दिवशीच्या पाहुण्यांनी काटे मोजायला मदत केली.) आणि हे भिंग इतकं चोखंदळ की माशाचा डोळा स्पष्ट आला तर ओठ धूसर. मी श्वास घेतला तरी मासा चित्रातून निघून जायचा.

खरा घोटाळा पुढे झाला. शेजाऱ्यांनी नवी ट्रायसिकल रिक्षा घेतली, तिला आशीर्वाद द्यायला पाद्री आले होते. नानायने त्यांच्यापुढे माझी पेटीही ठेवली. त्यांनी दोन्हींवर सारखंच पवित्र पाणी शिंपडलं. इथवर ठीक होतं. पण पाण्याखाली नुसत्या आशीर्वादाने भागेल का, अशी नानायला शंका आली, आणि मला न सांगता तिने आपल्या गळ्यातलं मारियामातेचं कापडी पदक पेटीच्या आत ठेवलं. पदक नीट आत बसलं, त्याची दोरी मात्र झाकणाच्या रबरी कड्यावर आडवी राहिली. त्या कड्यावर एक केस आला तरी पाणी शिरतं, आणि ही दोरी चांगली जाड. मी तळाशी पोचले आणि पेटीतला धोक्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. घाईने वर येता येत नाही. तेव्हा सेत्सुको-सान यांच्या कॅमेऱ्यात समुद्र शिरताना बघत मी हळूहळू वर आले. उघडून पाहते तर कॅमेरा कोरडा. जेवढं पाणी आलं तेवढं सगळं त्या जाड कापडी पदकाने पिऊन टाकलं होतं. "मग? कोणी वाचवला?" नानाय म्हणाली. मी म्हटलं, पण पाणी शिरलं तेही त्याच्याचमुळे. ती म्हणाली, "ते तू तुझ्या कॉलेजात सांग." आता सबंध गल्लीला हा चमत्कार माहीत आहे आणि दोन बायका आपल्या मुलांचे मोबाइल घेऊन तिच्याकडे येऊन गेल्या.

पण अखेर फोटो मिळाला. बापाचं तोंड वासलेलं, आत अंडी ठासून भरलेली आणि प्रत्येकातून डोळे बाहेर बघताहेत. बावानला जाऊन मी तो मोठा छापून आणला. सभेत तो हातोहात फिरला आणि पहिल्यांदाच माझ्या बोलण्याशिवाय शांतता झाली. तेम्योकाका म्हणाले, "हे सगळे माझ्याकडेच बघतायत की." मग म्हणाले, "फोटो झकास आहे, पोरी. पण फोटो तळता येत नाही." आणि त्यांनी पट्टा खुला करण्याच्या बाजूने हात वर केला, त्यांच्या मागून बरेच हात गेले. फोटो तातायकडे आला. त्यांनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला, पुढे दिला आणि बंद ठेवण्याच्या बाजूने हात वर केला. त्या एका हाताने पट्टा बंद राहिला.

घरी येऊन ताताय पायरीवर बसले आणि म्हणाले, "तो फोटो आण जरा." आणला. "ह्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?" मला वाटलं, चेष्टा. त्यांनी एका दगडावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे का?"

निनांग, मी त्यांच्याशेजारी बसले. जाळ्याची सुई नानाय ओवून देते, भातातला खडा नानाय काढते, हे मी रोज बघते. मी पदवीधर आहे. ते म्हणाले, लांबचं सगळं दिसतं, समोरच्या बेटावरचा बोकडसुद्धा. चष्मा लावला तर तेम्यो गावभर सांगेल की पोन्सो आंधळा झाला, मग माझ्या बोटीवर कोण येईल? मी विचारलं, मग तुम्ही काय बघून हात वर केला? "अगं, हात वर करायला डोळे कशाला लागतात," ते म्हणाले आणि कॉफी मागितली.

मी सगळ्यांना सांगत फिरते की माणसाने पुरावा बघून ठरवावं. आणि ज्या एका मताने पट्टा राहिला, त्याने पुरावा बघितलाच नव्हता. मला आनंद झाला, पण ही नवी मुदत संपली की पुन्हा मतदान आहे, आणि माझ्या शब्दावर ते पुन्हा मारिकाबानपलीकडे जात राहतील. हे मला आधीपेक्षा जड वाटतं.

आजींना माझा नमस्कार सांगा, धाकट्या बहिणीकडून म्हणून.

तुमची,
मेरिदेल

ता. क. पुढच्या खोक्यात पाण्याखालचा मास्क पाठवाल का, जवळचं दिसायच्या भिंगांचा? तिकडे मिळतो म्हणे. खोकं सगळ्यांसमोर उघडतं, म्हणून त्यावर माझं नाव घाला. तातायना फोटो दाखवायचा नाही. तो मासा दाखवायचा आहे, घरासमोरच तर आहे.

ता. क. खरं तर मी कॅमेऱ्यासाठी दुसरं भिंग मागायला हे पत्र लिहायला बसले होते. ते राहू दे. (खोक्यात जागा उरलीच तर त्याचं नाव पाकिटाच्या मागे लिहिलं आहे.)

ता. क. मिशी असली की मास्क नीट बसत नाही, पाणी आत येतं. तातायची मिशी लग्नाच्या आधीपासूनची आहे आणि नानायने सांगून सांगून नाद सोडला आहे. माझी तर हिंमतच नाही. ते फक्त तुमचं, म्हणजे त्यांच्या 'मारे फेलिसा'चं, ऐकतात. तेव्हा फोनवर सहज विषय काढा. माशाचं काही बोलू नका. एवढंच म्हणा, की इटलीत हल्ली कोणी ठेवत नाही.